छंद नको, पाव विचार

फोंडा, गोवा

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

चिरंजीवांच्या कांदेपोह्यांचा वृत्तांत मी हिला मोठ्यानं वाचून दाखवला. "तुमचे छंद काय?" "वाचन आणि प्रवास. तुमचे?" "माझेही तेच." आणि मग दोघं गच्चीत उभे राहून कुंड्या बघतायत! अरे, लग्नाला उभी असलेली सगळीच पोरं एवढी वाचत असती तर आपल्या गल्लीतल्या वाचनालयाला कुलूप कशाला लागलं असतं? बायोडेटातला तो आवडीनिवडींचा रकाना म्हणजे पत्त्यातल्या पिनकोडसारखा झालाय. भरावा लागतो म्हणून भरायचा.

तू विचारलंस, मग पोरानं विचारायचं तरी काय? मी काही वधूवर सूचक मंडळ चालवत नाही. पण बदली होऊन इथं आल्यापासून अनोळखी माणसांशी ओळखी करून घेणं हाच माझा जोडधंदा झालाय, तेव्हा त्या अनुभवावर लिहितो. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

इथला पहिला प्रश्न ठरलेला. "खंयचो रे तूं?" म्हणजे कुठला रे तू? त्यानंतर वाडा कुठला, कुळदेव कोण, कुठल्या देवळाचे महाजन. बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेली आजीसुद्धा काचेपलीकडून एवढं विचारून घेते आणि मग खूश होऊन जाते. प्रेमानंच विचारतात, त्यात वावगं काही नाही. पण गंमत बघ, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपल्या आज्यापणज्यांनी देऊन ठेवलेली असतात. त्यात आपलं स्वतःचं असं काय?

मी सांगलीचा म्हटल्यावर तर पुढं काही बोलूच दिलं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं, म्हणजे सांगलीचा माणूस नाटकातलाच असणार, असा हिशेब करून गावच्या जत्रेच्या नाटकात मला प्रॉम्प्टर नेमून टाकलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी फक्त पडदा ओढायचो हे तुला ठाऊक आहे, त्यांना कुठून असणार?

इथं जत्रा म्हटली की नाटक आलंच, आणि तेही मराठी. काम करणारे सगळे गावकरीच. रात्री जेवणं उरकून देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, तालमी चालतात. रंगमंचावर "महाराज, घात झाला!" आणि चहा आला की लगेच कोंकणी सुरू. मी वही घेऊन कोपऱ्यात बसायचो. सगळे माझ्याशी फार आदरानं वागत, आणि तेच अवघड होतं. साहेब म्हणून खुर्ची मिळाली की माणूस गप्पांच्या बाहेर पडतो.

ही कोंडी फोडली आमच्या नाटकातल्या नायिकेनं. कॉलेजात शिकणारी पोरगी, जिभेला हाड नाही. एका रात्री चहा-भजी चालू असताना म्हणाली, "सगळ्यांनी सांगायचं. पोदेर सायकलवरून आला, करंडीत एकच जिन्नस उरलाय. तो कुठला असावा?"

पोदेर म्हणजे इथला पाववाला. पहाटे आणि संध्याकाळी पों-पों करत दारोदार फिरतो. त्याच्या करंडीत वरून कडक, आतून मऊ असा गोल उंडो असतो, कोंडा लावलेली पोकळ पोळी असते, कातरलेला कातरो असतो आणि बांगडीसारखं कुरकुरीत कांकण असतं. झालं, पेटलंच एकदम. प्रधानजी म्हणाले उंडो, त्याशिवाय पातळ भाजीला न्याय नाही. खलनायक पोळीवाला निघाला, पण ती पोकळीत भरायला काही असेल तरच. तबलजीनं "काहीही चालेल" म्हणताच पोरीनं त्याला सांगितलं की ज्याला काहीही चालतं त्याचा ठेका म्हणूनच ढिला पडतो. सगळे तबलजीवर तुटून पडले.

आमचा राजा मात्र गप्प. कदंब म्हणजे इथल्या सरकारी बसवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मिशा अशा की मेकअपची गरज नाही. पाठ केलेलं सोडून इतर काही बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "कांकण."

पोरगी तिथंच थांबली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. तिनं विचारलं, "कित्याक?" म्हणजे का?

त्यांनी आपलं मनगट पुढं केलं आणि दुसऱ्या हातानं त्याभोवती गोल काढून दाखवला. लहानपणी आई शाळेत जाताना कांकण मनगटात घालून द्यायची. कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या पायवाटेनं ते एकेक तोडत जायचं. पावसाळ्यात सदऱ्याच्या बाहीखाली लपवायचं, नाहीतर भिजून वातड व्हायचं. "कुठली शाळा?" कोणीतरी विचारलं. "कुर्डी."

क्षणभर सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. कुर्डी म्हणजे साळावली धरणात गेलेलं गाव, बापू. सांगे तालुक्यातलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माणसं उठवून दुसरीकडं वसवली आणि गाव पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की घरांचे चौथरे, देवळाचे अवशेष वर येतात आणि जुने गावकरी तिथं जाऊन देवाचं करतात. आमच्या राजाबद्दल हे मंडळींना ऐकून माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नव्हतं. "खंयचो?" विचारलं की ते आत्ता राहतात त्या वाड्याचं नाव सांगून मोकळे होत. थेट प्रश्नाला त्यांनी वर्षानुवर्षं बगल दिली आणि पावाच्या प्रश्नात घर, पायवाट, आई, सगळं आलं. त्या रात्री तालीम झालीच नाही. दुसऱ्या दिवसापासून ते अडले की सरळ माझ्याकडे बघू लागले. आधी अडले तरी मान वळवत नसत.

मग मी या नादाला लागलो आणि थोडं वाचलं. हे खूळ जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात घरोघरी वह्या असत, पाहुण्यानं त्यात आवडता रंग, आवडतं फूल, आवडता कवी असं लिहून द्यायचं. दहावीत आपल्या वर्गात फिरली होती ना स्लॅम बुक, तिची पणजीच. कार्ल मार्क्सनं १८६५ साली अशा प्रश्नांची उत्तरं दिलीत. आवडता रंग लाल, हे कोणीही ओळखलं असतं. पण आवडतं खाणं? मासे! हे मी तालमीत सांगितल्यावर प्रधानजींनी मार्क्सला तिथल्या तिथं गोंयकार करून टाकलं.

दुसरं, अमेरिकेतल्या आर्थर एरन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९९७ मध्ये छत्तीस प्रश्नांचा प्रयोग छापला. दोन अनोळखी माणसांनी आळीपाळीनं उत्तरं द्यायची, प्रश्न हळूहळू खोल जाणारे. नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा हे प्रश्न सोडवणाऱ्या जोड्यांना एकमेकांविषयी जास्त जवळीक वाटली. पण चिरंजीवांच्या हाती तो कागद देऊ नको. सुरुवातीलाच "तुम्ही कसे मराल असं तुम्हाला आतून वाटतं?" असा प्रश्न आहे, मुलीचा मामा पोह्यांची बशी काढून घेईल. त्यातला "स्वतःशीच शेवटचं कधी गायलात?" हा मात्र घेण्यासारखा आहे.

माझं मत विचारशील तर प्रश्न जितका क्षुल्लक तितका बरा. आवडतं पुस्तक विचारलं की माणूस इस्त्रीचे कपडे घालून उत्तर देतो. पोह्यांवर शेव की खोबरं, याला कोण सोंग आणणार? आणि विचारणाऱ्यानं आपलंही सांगितलं पाहिजे, नाहीतर ती मुलाखत होते. "का?" मात्र विसरायचं नाही. खरी गंमत तिथंच असते.

एक सांभाळायचं. इथं मासा हा सगळ्यात सोपा विषय वाटतो, रस्त्यात भेटलं तरी "आज नुस्तें कितें?" पण आमच्यात देवळातल्या भटजींचा मुलगा आहे, तो शिवराक, म्हणजे शाकाहारी. माशाचा विषय निघाला की तो चहाचे पेले गोळा करायला उठायचा. ते लक्षात आल्यावर पोरीनं भाजी-पाव धरून ठेवला. आंब्याचं तर विचारूच नको. मी हापूस म्हटलं आणि अग्रशाळेत सुतक पसरलं. मानकुराद न म्हणणाऱ्याच्या हातात नाटकाची वही ठेवावी की नाही, यावर चर्चा झाली.

तू जत्रेला येतोयस हे नक्की धरतो. चिरंजीवांनाही घेऊन ये, आणि त्या मुलीशी पुन्हा भेट ठरली असेल तर आधी ती होऊ दे. वहिनींना गुरुवारी मासे चालतात की नाही ते कळव, कारण नाटक गुरुवारी आहे आणि मला त्याच दिवशी सकाळी बाजारात जावं लागेल. आणि तुझं काय रे, पातळ भाजी की सुकी? मिक्स म्हणालास तर तबलजीशेजारी बसवीन.

तुझा,
दत्तू