मेमो माझ्या नावाने काढा

महोदय,

कामावर काही चुकलं की मेमो सर्वांत खालच्या माणसाला मिळतो आणि वरचे ‘चौकशी सुरू आहे’ म्हणून मोकळे होतात. सरकारी रुग्णालयात 31 वर्षं नोकरी केलेली परिचारिका म्हणून यावर लिहावंसं वाटलं.

मी मेडिकल वॉर्डची इन्चार्ज होते. इन्सुलिनची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, आमच्याकडे नेहमी मिलिलिटरला 40 युनिटची यायची आणि तिच्यासाठी त्याच मापाच्या खुणांची लाल टोपणाची सिरिंज. एकदा स्टोअरमधून 100 युनिटची व्हायल आली. तिला केशरी टोपणाची सिरिंज लागते. मी इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, सही केली, लेबल वाचलं नाही, आणि ट्रेमध्ये लाल टोपणाच्याच सिरिंज ठेवल्या. रात्रपाळीच्या नव्या सिस्टरने 10 च्या खुणेपर्यंत औषध भरलं. वॉर्डातल्या एका आजींना 10 ऐवजी 25 युनिट गेलं. पहाटे उशीचा अभ्रा घामाने चिंब, हाक मारली तरी ओ नाही, शुगर 42. डॉक्टरांनी धावत येऊन शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज दिलं. थोड्या वेळाने आजींनी डोळे उघडले आणि चहा मागितला, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

सकाळी ओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना कामाची माहिती देतात तेव्हा, ती पोर रडत उभी होती. तिनेही लेबल वाचायला हवं होतं, हे खरंच. पण चुकीची जोडी तिच्या हातात मीच दिली होती. मेट्रन, डॉक्टर आणि आजींचा मुलगा यांच्यासमोर मी म्हणाले, “व्हायल मी घेतली, लेबल मी वाचलं नाही. मेमो माझ्या नावाने काढा.” पाय लटपटत होते. मुलगा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “यापुढे आईचं इंजेक्शन तुम्हीच द्या.”

पंधरा दिवसांत एक सिस्टर आपणहून सांगायला आली, की दुसऱ्याच पेशंटची सलाईन लावता लावता राहिली. दोन औषधांच्या ॲम्प्युल सारख्याच दिसतात, म्हणून दुसरीने त्या वेगळ्या डब्यांत ठेवल्या. असल्या गोष्टी पूर्वी माझ्या कानावर कधीच येत नसत. घाबरायच्या बिचाऱ्या.

17 सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचे फलक लागतात. त्या दिवशी प्रत्येक इन्चार्जने ओव्हर सुरू करताना आधी स्वतःची एक चूक सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि स्टोअरने कृपया दोन ताकदींच्या इन्सुलिनच्या व्हायल एका वॉर्डात पाठवू नयेत.

– एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर, सातारा