दिजाँहून पम्याला

पम्या,

चार महिने झाले, तुझे तीन मिस्ड कॉल तसेच पडलेत, काय शिव्या घालायच्या त्या आधीच घालून घे. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू.

ऑफिसच्या कामाने दिजाँला आलोय, पॅरिसहून ट्रेनने दीड तास. काल मीटिंग कॅन्सल झाली म्हणून इथल्या पुरातत्त्व म्युझियममध्ये घुसलो (फुकट होतं, हे तुला सांगायला नकोच). मूळचा सेंट बेनीन्यचा मठ. साधूंची झोपायची खोली तेराव्या शतकातली, नुसत्या कमानीच कमानी, आपल्या हॉस्टेलपेक्षा शंभरपट बरी, ढेकूणही नसावेत. पण अडकलो खालच्या दालनात. सीन नदीची देवी सेक्वाना, ब्राँझची, बदकाच्या तोंडाच्या होडीत उभी, 1933 मध्ये नदीच्या उगमापाशी सापडली. आणि तिला नवसाला वाहिलेले हात, पाय, मुंडकी! लाकडाचे, 1963 च्या खोदकामात निघालेले, पाण्याचिखलात होते म्हणून दोन हजार वर्षं टिकले. एका पातळ ब्राँझच्या पत्र्यावर फक्त दोन डोळे. बाकी काही नाही.

मला एकदम माउंट मेरीची जत्रा आठवली. काकूंनी मेणाचा गुडघा घेतला आणि मी मूर्खासारखा फिदीफिदी हसलो, तू आठवडाभर बोलला नव्हतास. सामोशाचे पैसे मात्र त्याही दिवशी मीच दिले, ते तू कधी कबूल करत नाहीस.

आईचं काहीतरी बिनसलंय रे. काचबिंदूचे थेंब घालते म्हणते, सगळं छान म्हणते, पण आधी रोज गुलाबाच्या फोटोवर शुभ सकाळ यायचं, आता महिनाभर नुसत्या व्हॉइस नोट्स. व्हिडिओ कॉलला मला पंखाच दिसतो. परवा विचारलं तर म्हणे मोबाइलच खराब झालाय. दादा म्हणतो वय झालं. वय काय एका महिन्यात होतं का? आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे मी रात्री दोनला वाचत बसतो. डिसेंबरशिवाय रजा नाही.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? पोरीची दहावी कशी गेली? कळव.

शनिवारी घरी जाशील? सरळ विचारू नकोस, चिडते. पेपर हातात दे आणि म्हण, काकू, हे आडवं सात अडलंय. मग बघ कुठे धरते ते, आणि मला खरं सांग, दादासारखं नको.

आणि जमलं तर बांद्र्याला जाऊन मेणाचे डोळे वाहून ये, पैसे जीपे करतो. हसलास तरी चालेल.

तुझा,
बंड्या