शिकाऊ लायसन्सला सीसीची मर्यादा हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अल्पवयीन मुलांच्या हाती गाडी देणाऱ्या पालकांवरच्या कारवाईची बातमी कालच्या अंकात वाचली. कारवाई व्हायलाच हवी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही, इतका कडक कायदा आहे. पण तोच मुलगा अठरा पूर्ण करून शिकाऊ लायसन्स काढतो आणि ४०० सीसीची बाईक गल्लीत आणतो, तेव्हा त्याला कोणी हटकत नाही. याबद्दल बातमीत एक ओळ नाही.

गेल्या दिवाळीआधी माझी पत्नी भाजी घेऊन डहाणूकर कॉलनीतून घरी येत होती. समोरच्या सोसायटीच्या फाटकातून एक मुलगा नवी बाईक बाहेर काढत होता. क्लच एकदम सुटला, घाबरून त्याने ॲक्सिलरेटर तसाच पिळून धरला आणि गाडी उसळून थेट हिच्या अंगावर आली. मनगट मोडलं. आजही हिला कणीक मळता येत नाही, कुकरचं झाकण मी लावून देतो. मुलगा उनाड नव्हता. रडत होता बिचारा, रिक्षा त्यानेच थांबवली. आईच्या ॲक्टिव्हावर शिकलेला, गिअरची गाडी नुकतीच हातात आलेली. नंबरप्लेटशेजारी लाल चिकटपट्टीचा ‘एल’ व्यवस्थित लावलेला, कागदपत्रं चोख. त्या पोराला मी काय बोलणार? ती गाडी त्याच्या हातात कायद्यानेच दिली होती.

शिकाऊ चालकासोबत लायसन्सवाला प्रशिक्षक हवा आणि गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा, असा केंद्रीय नियम आहे. मोटारीत ते जमेल. बाईकवर एक ब्रेक चालवणाऱ्याच्या उजव्या हाताशी, दुसरा उजव्या पायाशी. मागे बसलेला माणूस काय दाबणार?

ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकाला एकट्याने १२५ सीसी आणि ११ किलोवॅटच्या वरची मोटरसायकल रस्त्यावर नेता येत नाही, त्याआधी एक सक्तीचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. ऑस्ट्रेलियात तर सीसीबरोबर गाडीच्या वजनामागे ताकद किती, हेही मोजतात. आपल्याकडे एकच मर्यादा, सोळा ते अठरा वयाला ५० सीसी. ती लुनाच्या जमान्यातली. तेवढ्या इंजिनाची पेट्रोल गाडी आज शोरूममध्ये दिसत नाही. बरं, १२५ सीसीची रेष सरकारला ठाऊक नाही असंही नाही. २०१९ पासून त्यावरच्या दुचाक्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. म्हणजे त्या ताकदीच्या गाडीला ब्रेक वेगळे लागतात हे मान्य, मग चालवणारा हात तयार लागतो हे का मान्य नाही? परीक्षेत मित्राच्या १०० सीसीवर आठचा आकडा काढला तरी लायसन्स मिळतं ते गिअरच्या सगळ्या दुचाक्यांचं.

शिकाऊ लायसन्स असेपर्यंत आणि पक्कं झाल्यावर पहिलं वर्षभर १२५ सीसीच्या वर परवानगी नको. पुण्याच्या खासदार-आमदारांनी हा विषय लावून धरावा आणि तुम्ही त्यांना तो विचारत राहावं.

आणखी एक. त्या बातमीच्या पाठपोट पानभर बाईकची जाहिरात होती, पुढचं चाक हवेत उचललेलं. जाहिरातींवर वर्तमानपत्र चालतं, हे मला कळतं. पण असलं चित्र छापू नका, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे