इराणचे सगळेच मौलवी एका माळेचे मणी नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात इराणवरचं तुमचं पान वाचलं, माहिती चांगली होती पण सूर तोच, एका बाजूला जनता आणि दुसऱ्या बाजूला मुल्ला. मग शेख-उर-रईस नावाचा इराणी मौलवी कुठल्या बाजूला बसवायचा ते सांगा जरा.

खरं नाव अबुल हसन मिर्झा, जन्म 1848, तब्रीझ. इराणचा बादशहा फतह अली शाहचा सख्खा नातू, म्हणजे तेव्हाच्या काजार राजघराण्याचा शहजादाच, पण तलवार सोडून मशहदच्या मदरशात गेला आणि पुढे इराकातल्या सामर्‍याला मिर्झा शिराझींकडे शिकला, तेच शिराझी ज्यांच्या तंबाखूवरच्या फतव्याने 1891 मध्ये अख्खा इराण हुक्का सोडून बसला होता. गुरू असा म्हटल्यावर चेला राजकारणापासून लांब राहतोय होय! इस्तंबूलला तुर्की सुलतान अब्दुल हमीदच्या राज्यात राहिला आणि मग इत्तिहाद-ए-इस्लाम नावाचं पुस्तक लिहिलं, शिया-सुन्नी भांडण बाजूला ठेवा, शाह आणि सुलतान एक व्हा, नाहीतर युरोपवाले दोघांनाही गिळतील असं. आता मला विचाराल तर हा भाबडेपणाच, दोन राजांच्या गळाभेटीने कुणाचं भलं झालंय? पण ते पुस्तक 1894 मध्ये छापलं कुठे, तर आपल्या मुंबईत!

पुढे 1906 मध्ये इराणला संविधान मिळालं तेव्हा हा माणूस संसदेच्या बाजूने उभा राहिला. 1908 च्या जूनमध्ये मोहम्मद अली शाहने रशियन कर्नल ल्याखोव्हच्या कोसॅक पलटणीकडून संसदेवर तोफा डागल्या, पुढारी धरून तेहरानच्या बाग-ए-शाह छावणीत डांबले, त्यात साठीचा शेख-उर-रईस पण होता. नातं लावून बघा, हा शाह म्हणजे शेखच्या चुलतभावाचा पणतू, म्हणजे पोराने चुलत पणजोबालाच कैदेत टाकलं की!

आणि संसदेच्या विरोधात उभे राहिलेले शेख फजलुल्ला नूरी पण मौलवीच, 1909 मध्ये त्यांना फाशी झाली. दोघांच्या डोक्यावर पगडी, मग कसली जनता विरुद्ध मुल्ला?

एक विनंती, त्या काळी मुंबईत शिळाप्रेसवर फारसी पुस्तकं छापून जहाजाने इराणला जायची, त्या छापखान्यांवर तुमच्या रविवार पुरवणीत कुणाकडून तरी लिहून घ्या, डोंगरी-भेंडीबाजारातली जुनी इराणी मंडळी आहेत तोवर.

आपला,
एक जुना वाचक, मुंबई