न्यूरेंबर्गचे डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे जर्मनीत होतीस तेव्हा नाताळात तू नक्की करायचीस तरी काय?" मी सांगायला लागले आणि तुमचं कानातलं मशीन शिट्टी वाजवायला लागलं. मग आईने फोन घेतला आणि विषय गॅसच्या नंबरावर गेला. म्हणून लिहूनच पाठवते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तू मोठ्याने वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे.

तुम्हा दोघांना कायम दिवाळीची काळजी. पोरगी एकटी, फराळ नाही, अंघोळ कशी करत असेल! खरं सांगू का, दिवाळी सोपी जायची. तिकडे तो कामाचा दिवस, ऑफिसात जाऊन दिवस ढकलला की झालं. 2019 ची तेवढी आठवते. 27 ऑक्टोबर, रविवार, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे घेतात, ती नेमकी त्याच पहाटे. बाबांनी नऊ वाजता हिशेब करून फोन लावला, साडेतीन तास वजा, म्हणजे तिची साडेपाचची वेळ, उठलीच असेल. माझ्याकडे वाजले होते साडेचार! बरं, रात्री दहा ते सकाळी सहा इमारतीत आवाज करायचा नाही, हा तिथला दंडक. जुन्या घराचे नळ असे घोंगावायचे की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जावं. मग उटणं लावून मी सहा वाजेपर्यंत स्टुलावर बसून राहिले, अंगाला बेसनाचा वास, बाहेर मिट्ट काळोख. कारिटाऐवजी हिरवं द्राक्ष अंगठ्याखाली फोडलं. कडू नव्हतं, पण नरकासुराने चालवून घेतलं असावं.

आईचं पार्सल दरवर्षी यायचं. शंकरपाळ्यांचा निम्मा भुगा झालेला असायचा, तो मी दुधात घालून खायचे. पेढे मात्र एकदाही पोचले नाहीत. बाहेरच्या देशातून दुधाचे पदार्थ पाठवायला युरोपात बंदीच आहे, हे मी किती वेळा सांगितलं, पण तू आपली घालायचीसच.

अवघड असायचा तो डिसेंबर. सव्वाचारला सूर्य मावळतो, ऑफिसातून निघेपर्यंत रात्र झालेली असते. बहुधा म्हणूनच त्या लोकांनी एवढे दिवे लावायची पद्धत पाडली असेल. नाताळाच्या आधीचे चार रविवार ते पाळतात. टेबलावर सूचिपर्णीच्या फांद्यांचं कडं, त्यात चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चार. आपल्या श्रावणी सोमवारांसारखं, सणापेक्षा त्याची वाट बघण्याचंच अप्रूप जास्त.

पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी न्यूरेंबर्गचा नाताळबाजार भरतो. चौकातल्या फ्राउएनकिर्शं या चर्चच्या सज्ज्यात सोनेरी केसांचा टोप आणि मुकुट घातलेली एक मुलगी येते आणि वरून कविता म्हणून बाजार उघडते. तिथे भेटवस्तू सांताक्लॉज आणत नाही, ही मुलगी आणते, ख्रिस्टकिंड. दर दोन वर्षांनी शहरातल्याच कॉलेजवयाच्या मुलींमधून तिची निवड होते. 2019 ला निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतातले. तिच्या रंगरूपावरून इंटरनेटवर कुणीतरी वाईटसाईट लिहिलं, पण लोकांनी ते खपवून घेतलं नाही. मी त्या संध्याकाळी गर्दीत टाचा उंचावून उभी होते. कविता अर्धीमुर्धीच कळली, पण ती मुलगी माझ्या मामेबहिणीसारखी दिसत होती आणि अख्खा चौक तिच्याकडे मान वर करून बघत होता, ते मला फार बरं वाटलं. तिथे गरम पेय मिळतं, दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घातलेलं. (आई, त्यात वाईन असते. आता सांगितलं.) त्याचा कप परत दिला की अनामत परत मिळते, तरी मी एक ठेवून घेतला. बाबांचा दाढीचा ब्रश ठेवलेला असतो तोच तो. आणि लेबकूखन नावाची तिथली बिस्किटं फोडली की जायफळ-लवंगेचा असा वास यायचा की आपल्या परसातलं जायफळाचं झाड आठवावं.

24 तारखेला दुपारी दोनला दुकानं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. 25 आणि 26 सुट्टी. ऑफिसातले सगळे आपापल्या आईवडिलांकडे गेलेले. त्या तीन दिवसांत मला जे वाटायचं ते मी फोनवर कधी बोलले नाही. पहिल्या वर्षी संध्याकाळी खालच्या घरमालकीण आजींनी दार वाजवलं आणि म्हणाल्या, ये जेवायला, मुलगाही आलाय. एवढा मोठा सण, तर पानात काय? बटाट्याची आंबट कोशिंबीर आणि सॉसेज! मला वाटलं, पाहुणी म्हणून मुख्य जेवण मागून येईल. तेच मुख्य होतं. बदक दुसऱ्या दिवशी असतं. कोपऱ्यातल्या झाडावर खऱ्या मेणबत्त्या पेटवलेल्या आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. आजी गप्पा मारता मारता डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या बादलीकडे बघायच्या.

2020 ला बाजार भरलाच नाही, डिसेंबरच्या मध्यापासून सगळं कडक बंद. आजींचा मुलगा हॅम्बुर्गला असतो. नियमाप्रमाणे त्याला येता आलं असतं, पण आजींचं वय बघून तो आला नाही. मी मास्क लावून खाली गेले आणि टॅब्लेट केकच्या डब्याला टेकवून फोन लावून दिला. पहिला प्रश्न काय, तर जेवलास का. दुसरा, काय जेवलास. मुलगा म्हणाला पिझ्झा, तेव्हा आजींनी जो चेहरा केला तो, आई, डिट्टो तुझा. फोन संपल्यावर मी ताटं उचलायला लागले, तर आजी म्हणाल्या, आतल्या खोलीतला हीटर बंद करून ये. मी गेले. खोली छान ऊबदार होती, पलंगावर धुतलेली चादर, उशाशी पाण्याची बाटली. येणार नाही हे त्यांना दहा दिवस आधीपासून माहीत होतं. ऊर्जेची बिलं बघून कपाळावर आठ्या घालणारी ती बाई.

त्या रात्री मी वहिनीला फोन केला आणि सहज विचारलं, दिवाळीत माझ्या खोलीचं काय करता? ती म्हणाली, बाबा तुझ्या खिडकीला वेगळा आकाशकंदील लावतात, दरवर्षी, आणि वर म्हणतात की त्या बाजूला अंधार असतो म्हणून. बाबा, त्या खिडकीसमोर नगरपालिकेचा दिव्याचा खांब आहे.

31 डिसेंबरचं राहिलंच. तिथे रॉकेट आणि मोठे फटाके वर्षाचे शेवटचे तीन दिवसच विकतात आणि बाराच्या ठोक्याला सगळं गाव रस्त्यावर येऊन उडवतं. पहिल्या वर्षी मीही एक पाकीट आणलं. फटाक्यांच्या दारूचा तो वास नाकात गेल्यावर मला भूक लागली, चकलीची. पुढची दोन वर्षं विक्रीच बंद होती.

आता कामाचं. यंदा वसुबारसेच्या आदल्या रात्री दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडते, आरक्षण झालंय. चकलीची भाजणी तू भाजू नकोस, गुडघे सांभाळ. नुसती मापं लिहून पाठव, पण वाटीने सांग, "अंदाजाने" चालणार नाही. भाजणी मी इथून दळून आणते, तळायला मात्र तू शेजारी खुर्चीवर बसायचंस. दादालाही विचार, तो भाऊबीजेपर्यंत राहतोय का. बाबांनी स्टेशनवर यायचं नाही, रिक्षा मिळते. येणारच असाल तर निदान मफलर घालून या.

तुमची,
धाकटी