करवंट्या टाकू नका! (रविवारपर्यंतची आठवण)

मंडळी, नमस्कार. 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' हा विनोदी सिनेमा एप्रिल १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या पन्नाशीनिमित्त आपण जी छोटी मानवंदना-फिल्म करतोय, तिच्यासाठी अजून निम्म्या लोकांच्या क्लिप्स आलेल्या नाहीत.

काम सोपं आहे. करवंटीच्या दोन वाट्या एकमेकींवर आपटत घोड्यावर बसल्यासारखं दुडक्या चालीनं चालायचं, मोबाइल आडवा धरून वीस सेकंद शूट करायचं. मूळ सिनेमात घोडे परवडत नव्हते म्हणून राजा आर्थरच्या मागे नोकर टापांच्या आवाजासाठी करवंट्या वाजवत फिरतो, आणि तोच सगळ्यात गाजलेला विनोद ठरला. शूरवीरांची चिलखतंसुद्धा लोकरीची विणलेली, वर चंदेरी रंग. स्कॉटलंडमधला एकच डून किल्ला कोन बदलून अनेक किल्ले म्हणून वापरलाय. पैशाला पिंक फ्लॉइड आणि लेड झेपलिन या रॉक बँडचाही हातभार होता. तेव्हा आपल्याकडे पैसे नाहीत ही तक्रार इथे चालणार नाही.

पोशाख घरातलाच: जुना स्वेटर, डोक्यावर पातेलं. विकतचे भपकेदार पोशाख आणि फिल्टर नकोत, सगळी मजा जाईल. सिनेमातले संवाद किंवा मूळ संगीत वापरू नका, आवाज फक्त करवंट्यांचा.

क्लिप रविवारी रात्री नऊपर्यंत ग्रुपवर 'डॉक्युमेंट' म्हणून टाका, नाहीतर दर्जा घसरतो. ज्यांच्याकडे नारळ नाही त्यांनी शेजारी विचारा. प्लॅस्टिकचे डबे चालणार नाहीत, आवाज वेगळा येतो.