यास्मिन हे पण फुलाचंच नाव आहे

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही बाळांच्या नावांची लिस्ट दिली होती. फुलांवरून मुलींची नावं असा अख्खा कॉलम होता, जाई जुई शेवंती केतकी अबोली बकुळ मालती सगळी होती, वाचून बरं वाटलं कारण हल्ली कसलाच अर्थ न लागणारी दोन अक्षरी नावं ठेवायची फॅशन आलीय. पण यास्मिन त्यात नव्हतं. ते खाली वेगळ्या चौकटीत होतं, 'मुस्लिम नावं' म्हणून, आणि समोर अर्थ दिला होता 'फूल'. कुठलं फूल ते नाही, नुसतं फूल. माझ्या भाचीला मुलगी झालीय आणि आम्ही तिचं नाव यास्मिन ठेवतोय, त्यामुळे ती चौकट मला जास्तच लागली, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

यास्मिन म्हणजे जाई-चमेली. जाई, जुई, मोगरा, कुंद आणि एप्रिल-मे मध्ये सह्याद्रीच्या उतारावर झुडपांतून पांढरा शुभ्र फुलतो तो रानातला कुसर, ही सगळी एकाच कुळातली. शास्त्रीय नावात या सगळ्यांच्या पुढे जॅस्मिनम लागतं आणि ते जॅस्मिनम आलंय याच यास्मिनवरून. शब्द मूळचा फारसी, तिथून अरबीत गेला आणि अरबांच्या बरोबर युरोपात पोचला, तिकडे त्याचं जास्मिन झालं. म्हणजे जाई-जुई वरच्या कॉलमात आणि यास्मिन खालच्या चौकटीत, हे फुलांच्या हिशोबाने तरी बरोबर नाही.

आणि हे नाव कुठून लांबून आलंय असंही कोकणात कोणी म्हणू नये. आपला किनारा अरबांना हजार वर्षांपेक्षा जास्त माहीत आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी चौलला आला होता, तो त्याला सैमूर म्हणतो, तिथे तेव्हाच सुमारे १० हजार मुसलमान राहतात असं त्याने लिहून ठेवलंय. दाभोळ बंदरातून बहामनी आणि आदिलशाहीच्या काळात हाजी लोकांची जहाजं सुटायची, घोडे यायचे, कापड जायचं. आम्ही कोकणी मुसलमान त्याच येण्याजाण्यातून झालेले, घरात बोलतो ती कोकणातलीच मराठी बोली, आडनावं परकार, मुकादम, खतीब, दळवी, चौगुले, नाखवा. आमच्या आजीच्या पिढीत बायकांच्या नावांना बी लागायचं, फातमाबी, आयशाबी, हुसैनबी, खतिजाबी. आमच्या वेळेपासून यास्मिन, परवीन, नसरीन, शबनम सुरू झालं. एकेका वर्गात दोन-तीन यास्मिन असायच्या, बाई हजेरी घेताना बापाचं नाव पण घ्यायच्या नाहीतर सगळ्या एकदम हजर म्हणायच्या.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही लिस्टमध्ये काही नावांपुढे 'या नावाची प्रसिद्ध व्यक्ती' असं दिलं होतं. यास्मिनपुढे जागा कोरी. संपादक साहेब, तुमच्या पेपरात रोज जी मराठी छापून येते ती शुद्ध असावी म्हणून जिने आयुष्य घालवलं तिचं नाव यास्मिन आहे. यास्मिन शेख. १९२५ साली नाशिकला जन्म, तोही ज्यू घरात, जन्माचं नाव जेरुशा रूबेन. पुण्याला स. प. कॉलेजात श्री. म. माटे यांच्या हाताखाली शिकल्या, लग्न शेख घराण्यात झालं आणि जेरुशाच्या यास्मिन झाल्या. मुंबईत सायनच्या एसआयईएस कॉलेजात मुलांना मराठी शिकवली, मराठी शब्द कसे लिहावेत त्याचा कोश केला, लेखनाचे नियम साध्या माणसाला समजतील असे समजावून सांगितले, 'अंतर्नाद' मासिकाच्या व्याकरण सल्लागार होत्या. ऱ्हस्व दीर्घ अनुस्वार, जोडून लिहायचं की तोडून, या गोष्टी लोक किरकोळ समजतात आणि मोबाईलवर टाईप करताना तर आम्ही सगळेच सोडून देतो, पण कोणीतरी बसून एकेक शब्द तपासतं म्हणून पाठ्यपुस्तकं आणि पेपर वाचण्यासारखे राहतात.

हे कोकणात राहून मला अजून एका कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्रायली, आणि त्यांची मुळं आपल्याच किनाऱ्यावर. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले असं ते सांगतात, तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे, आणि आडनावं गावांवरून, किहीमकर, पेणकर, रोहेकर. आता बघा, ज्यू घरात जन्मलेली मुलगी, नाव फारसी-अरबी फुलाचं, आणि काम मराठी व्याकरणाचं. अशी बाई असताना त्या नावापुढची जागा कोरी ठेवायची म्हणजे मला खरंच वाईट वाटलं.

दुसरी यास्मिन जिच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय ती पाकिस्तानची आहे, म्हणून कोणी नाक मुरडू नये, आधी काम वाचावं. यास्मिन लारी, जन्म १९४१, पाकिस्तानातली पहिली महिला आर्किटेक्ट. आधी कराचीत काचेच्या आणि सिमेंटच्या मोठमोठ्या इमारती केल्या, मग २००० साली ते काम बंद केलं. २००५ ला तिकडे काश्मीरच्या बाजूला मोठा भूकंप झाला, तेव्हा ती डोंगरात लोकांबरोबर राहून घरं उभी करायला गेली आणि तेव्हापासून तिचं कामच बदललं. बांबू, माती आणि चुना. एवढ्यावर घर. बांबूचे तयार सांगाडे करायचे, ते आठ बाजूंनी उभे करून बांधायचे, वर बांबूचंच छप्पर, मातीत चुना मिसळून लिंपायचं म्हणजे पाण्याने विरघळत नाही, आणि हे सगळं गावातल्या बायकांनी शिकून स्वतः करायचं, बाहेरून इंजिनीयर यायची वाट बघायची नाही. धूर बाहेर जाईल अशी मातीची चूल पण तिने उंच ओट्यावर बसवली, पूर आला तरी चूल बुडू नये म्हणून, आणि ती चूल बायका स्वतःच बांधतात, स्वतःच रंगवतात. २०२२ ला सिंधमध्ये पूर आला तेव्हा हे काम आणखी वाढलं. २०२३ ला तिला ब्रिटनच्या आर्किटेक्ट लोकांचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं, जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या आर्किटेक्टना मिळतं ते.

हे वाचताना कोकणातल्या माणसाला काय आठवणार ते मी वेगळं सांगायला नको पण सांगते. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली, कौलं उडाली, पत्रे कागदासारखे गेले, सुपारीच्या बागा आडव्या. नंतर २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर, लोक वरच्या मजल्यावर आणि छपरावर रात्र काढून बसलेले. नंतर काय झालं तर परत तेच पत्रे, तेच सिमेंट, ज्याच्याकडे पैसा त्याचं घर आधी उभं राहिलं आणि बाकीचे ताडपत्रीखाली पावसाळा काढत बसले. आपल्याकडे काय कमी आहे सांगा. कुडाळकडे माणगा बांबू शेताच्या बांधावर वाढतो, चिरा आपला, चुन्यात बांधलेले किल्ले भर समुद्रात साडेतीनशे वर्षं लाटा खात उभे आहेत. कमी आहे ती शिकवणारी माणसं, आणि ज्या गोष्टीला गरिबाचं घर म्हणून हिणवतात त्यावर अभ्यास करायची तयारी. कोकणातल्या इंजिनीयरिंग आणि आर्किटेक्चरच्या मुलांनी या बाईचं काम बघावं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या पेपरने एक पान दिलं तर फार उपयोग होईल, वादळ काय परत यायचं थांबलेलं नाही.

बाकीच्या यास्मिन थोडक्यात सांगते. यास्मिन बेलकैद अल्जीरियात जन्मलेली शास्त्रज्ञ, आपल्या अंगावर आणि आतड्यात राहणारे जंतू रोगप्रतिकार शक्तीला कशी मदत करतात यावर तिचं काम, जानेवारी २०२४ पासून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटची प्रमुख. म्हणजे ज्या लुई पाश्चरने कुत्रा चावल्यावरची लस काढली त्याची संस्था. यास्मिन अहमद मलेशियाची दिग्दर्शक, २००९ ला वारली, ईद दिवाळी आणि चिनी नवीन वर्ष अशा सगळ्या सणांना तिने केलेल्या छोट्या जाहिराती टीव्हीवर लागायच्या आणि लोक त्या जाहिराती म्हणून नाही तर गोष्टी म्हणून बघायचे. यास्मिन आगाखान ही हॉलिवूडची नटी रीटा हेवर्थ हिची मुलगी. आईला अल्झायमर झाला, तेव्हा हा आजार आहे हेच लोकांना माहीत नव्हतं, दारूमुळे असं वागते म्हणायचे, मुलीने आईला शेवटपर्यंत म्हणजे १९८७ पर्यंत सांभाळलं आणि त्या आजाराच्या कामासाठी पैसे उभे करत राहिली. आपल्याकडे मुंबईला मुलं गेलेली आणि गावात दोन म्हातारी माणसं, एकाला काही आठवत नाही, अशी घरं वाडीवाडीत आहेत, त्यामुळे मला या यास्मिनचं फार कौतुक वाटतं.

आपल्या देशातलं ताजं म्हणाल तर भिवानीची बॉक्सर जैस्मीन लंबोरिया. नाव तेच, उच्चार इंग्रजीतून आलेला. २०२५ ला लिव्हरपूलला ५७ किलो वजनी गटात वर्ल्ड चॅम्पियन झाली. हरियाणातल्या हिंदू घरात हे नाव ठेवताना कोणी चौकट बघितली नसणार. आणि मंदाकिनी, राज कपूरच्या १९८५ च्या सिनेमातली, तिचं खरं नाव यास्मिन जोसेफ. जेरुशाची यास्मिन झाली, यास्मिनची मंदाकिनी झाली, या देशात नावं अशी फिरत आलेली आहेत.

पुरुषांचं पण सांगते कारण आमच्या घरात कोणाचा विश्वास बसेना. बोस्निया क्रोएशियाकडे जास्मिन हे पुरुषाचं नाव आहे, यास्मिन रेपेशा म्हणून क्रोएशियाचा नावाजलेला बास्केटबॉल कोच आहे, ते लोक ज ला य च म्हणतात. आणि अल्जीरियाचा लेखक यास्मिना खद्रा हा तर पूर्वी आर्मीत ऑफिसर होता, खरं नाव मोहम्मद मुलेसहूल. आर्मीत असताना लिहिलेलं आधी वरिष्ठांना दाखवावं लागायचं म्हणून त्याने बायकोच्या नावावरून टोपणनाव घेतलं, २००१ ला खरं सांगितलं तेव्हा जगाला कळलं की ही बाई नाही, पण नाव त्याने बदललं नाही, आजपण त्याच नावाने लिहितो.

आता एक अडचण, ही घरची आहे. माझ्या मधल्या बहिणीचं नाव यास्मिन, तिच्यावरूनच बाळाचं ठेवतोय. तिच्या शाळेच्या दाखल्यावर यास्मीन, रेशनकार्डावर यासमीन, आधारवर इंग्रजीत वेगळं स्पेलिंग आणि पासपोर्टला जास्मिन. तिने एकदाही नाव बदललेलं नाही, प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. नवरा आखातात, तिकडे जायचा व्हिसा निघेना, मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, पेपरात जाहिरात, परत नवीन फॉर्म, एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर, यात पोरांच्या शाळेचं वर्ष गेलं. कोकणात अशी कुटुंबं एक-दोन नाहीत, गल्फला माणूस गेलेल्या प्रत्येक गावात आहेत. जाईला हा त्रास नाही, जुईला नाही. त्यामुळे बाळाच्या जन्मदाखल्याचा फॉर्म भरताना भाचीला मी सांगितलंय, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग स्वतः लिहायची, छापून आलेला कागद तिथेच उभं राहून वाचायचा, चुकलं असेल तर घेऊन घरी यायचं नाही.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी लिस्ट छापाल तेव्हा यास्मिन फुलांच्या कॉलमात घ्या, य अक्षराखाली, अर्थ जाई-चमेली असा लिहा, आणि पुढे यास्मिन शेख यांचं नाव द्या. यास्मिन लारींच्या घरांवर फोटोसकट लेख द्या, पावसाळ्याच्या आधी दिला तर बरं. आणि दहावी बारावीच्या निकालाला आमच्याकडच्या मुलींचे फोटो छापता तेव्हा नाव तिने लिहून दिलंय तसंच छापत जा, कारण पेपरातलं कात्रण पण आमच्याकडे लोक फाईलला लावून ठेवतात.

आपली,
एक वाचक, हर्णै, ता. दापोली